कागद नसलेली प्रतिकारशक्ती: ठाण्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

ठाण्याच्या वर्तकनगर भागातल्या एका सोसायटीत डिसेंबर २०२१ मध्ये लसीवरून वाद झाला. माझा दवाखाना त्यांच्या फाटकासमोर आहे आणि वादातली झाडून सगळी माणसं माझे पेशंट. म्हणून ‘मॅडम, तुम्हीच सांगा यांना’ असं म्हणत दोन्हीकडून मला मध्ये ओढलं गेलं. सोसायटीचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. ‘मला कोविड होऊन गेलाय, मग लस कशाला?’ हा प्रश्न त्या महिन्यात जितका ताणला गेला तितका पुन्हा कधी ताणला गेला नाही. त्याचं उत्तर कोण देतं यावर कुणाचं काय नुकसान होतं, तेही त्याच महिन्यात उघड दिसलं.

फाटकावरचा कागद

२७ नोव्हेंबर २०२१ ला राज्य सरकारचा आदेश आला. दुकानं, मॉल, समारंभ, बस, रिक्षा, टॅक्सी, सगळीकडे दोन्ही डोस झालेल्यांनाच मुभा. मोडणाऱ्याला ५०० रुपये दंड. लोकलचा पास तर १५ ऑगस्टपासूनच दुसरा डोस होऊन १४ दिवस उलटलेल्यांना मिळत होता. ठाणे महापालिकेनेही नोव्हेंबरात, पहिला डोससुद्धा न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचं जाहीर केलं होतं. अशा हवेत सोसायटीच्या कमिटीला आपणही काहीतरी करून दाखवावं असं वाटलं, यात नवल नाही.

कमिटीने ठरवलं ते असं. १ डिसेंबरपासून घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, दूधवाले आणि डिलिव्हरीची मुलं यांनी दुसरा डोस होऊन १४ दिवस झाल्याचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय आत यायचं नाही. रहिवाशांपैकी ज्यांचे दोन डोस नाहीत त्यांना क्लबहाऊस आणि जिम बंद. लिफ्टही बंद करावी असं एकाने सुचवलं होतं, पण रहिवाशाला स्वतःच्या घरी जायला अडवायचं कसं, या प्रश्नाशी ती चर्चा थांबली. सोसायटीच्या उपविधींत यातलं काहीच बसत नव्हतं. तेव्हा ते कुणी उघडून पाहिले नाहीत.

४ डिसेंबरला राज्यातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण डोंबिवलीत सापडला. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, लोकलने अर्ध्या तासावर. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या कागदावर लाल पेनाने ‘सक्तीने’ हा शब्द वाढला.

वर्कशॉपवाले

विरोध झाला तो तिसऱ्या मजल्यावरून. वय ४७, वागळे इस्टेटमध्ये लेथ आणि मिलिंगचं छोटं वर्कशॉप. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, ते आठ दिवस ऑक्सिजनवर होते. बेड मिळवण्यासाठी त्यांच्या मेव्हण्याने रात्रभर फोन केले, रेमडेसिविरसाठी मुंबईपर्यंत धावपळ झाली. बरे झाले, पण स्टेरॉइडनंतर साखर वाढली ती राहिली. त्यांनी एकही डोस घेतलेला नव्हता आणि घेणार नाही असं सोसायटीच्या १२ डिसेंबरच्या बैठकीआधीच लेखी कळवलं होतं.

त्यांना ‘लसविरोधी’ म्हणून झटकून टाकायची घाई सगळ्यांना झाली होती. मला ती पटली नाही. माणूस मोजमाप करणारा, शतांश मिलिमीटरमध्ये काम करणारा. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती. त्यात एप्रिलचा पॉझिटिव्ह रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅन आणि ऑक्टोबरमध्ये केलेली अँटिबॉडीची तपासणी. ‘२५० पेक्षा जास्त’ असा आकडा, खाली पेन्सिलीने दोन रेघा. ‘मॅडम, दोन डोसवाल्यांपैकी कुणी हे मोजून घेतलंय का? युरोपात होऊन गेलेल्याला १८० दिवसांचं सर्टिफिकेट मिळतं. आपल्याकडे का नाही?’

युरोपबद्दलचं त्यांचं म्हणणं खरं होतं. युरोपीय संघाच्या डिजिटल सर्टिफिकेटमध्ये लस, चाचणी आणि आजारातून बरं होणं, असे तिन्ही रस्ते होते. आपल्याकडे केंद्राने १९ मे २०२१ ला एवढंच सांगितलं की बरं झाल्यावर तीन महिने थांबा आणि मग लस घ्या. आजाराची नोंद म्हणजे एक डोस, असा हिशेब आपल्या व्यवस्थेत कधी आला नाही.

अँटिबॉडीच्या आकड्याबद्दल मात्र मी त्यांना थांबवलं. तो आकडा लॅबनुसार, किटनुसार बदलतो, आणि ‘एवढा असला की सुरक्षित’ अशी रेघ कुणी आखलेली नव्हती. प्रतिकारशक्तीचा मोठा भाग रक्तात तरंगणाऱ्या अँटिबॉडीत नसतोच. तो स्मृतिपेशींत असतो, आणि त्या या तपासणीत दिसत नाहीत. म्हणजे त्यांचा आकडा घसरला असता तरी घाबरायचं कारण नव्हतं, आणि चढा होता म्हणून छाती फुगवायचंही नव्हतं. हे त्यांना आवडलं नाही. पण पेन्सिल काढून त्यांनी बाजूला काहीतरी लिहून घेतलं.

दोन अभ्यास, दोन प्रश्न

बैठकीआधीच्या आठवड्यात दोन्ही बाजू एकमेकांवर अभ्यास फेकत होत्या. वर्कशॉपवाल्यांकडे इस्रायलचा होता: ऑगस्ट २०२१ चा, तिथल्या मोठ्या आरोग्यसेवेच्या नोंदींवरचा. त्यात डेल्टाच्या काळात, फायझरचे दोन डोस घेतलेल्यांना आधी कोविड होऊन गेलेल्यांपेक्षा संसर्ग जास्त झाल्याचं दिसलं होतं. सेक्रेटरींकडे अमेरिकेच्या केंटकी राज्याचा, त्याच महिन्यातला. त्यात आधी कोविड झालेल्या पण लस न घेतलेल्यांना पुन्हा संसर्ग होण्याची शक्यता, कोविड होऊन वर लस घेतलेल्यांच्या तुलनेत २.३४ पट निघाली होती. ‘एक काय तो खरा असेल ना?’ असं चेअरमननी मला विचारलं.

दोन्ही खरे होते. इस्रायलवाल्यांचा प्रश्न होता, आजार बरा की लस बरी. केंटकीवाल्यांचा प्रश्न होता, आजार होऊन गेलेल्याला वरून लस दिली तर फायदा होतो का. दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरं एकमेकांच्या विरोधात जाऊच शकत नाहीत. गंमत म्हणजे इस्रायलच्याच अभ्यासात, आजार होऊन गेलेल्यांनी एक डोस घेतल्यावर संरक्षण आणखी वाढल्याचंही होतं. ते पान वर्कशॉपवाल्यांच्या फाइलमध्ये नव्हतं.

आणखी एक गोष्ट अशा तुलनेत दिसत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. ‘होऊन गेलेल्यांचा’ गट मोजायला सुरुवात होते ती ते बरे झाल्यानंतर. जे एप्रिलमध्ये गेले ते त्या गटात नसतात. नैसर्गिक प्रतिकारशक्ती पक्की असते, पण तिची किंमत आधी भरावी लागते, आणि किती भरावी लागेल ते आधी कळत नाही. वर्कशॉपवाल्यांनी ती भरली होती: आठ दिवसांचा ऑक्सिजन, दोन लाखांच्या वरचं बिल आणि कायमची साखर. आता ती हाती आलीच होती, तर तिचा उल्लेख करायचा त्यांना पूर्ण हक्क होता. ज्याने ती भरलेली नाही त्याला ‘नैसर्गिक तेच चांगलं’ असं सांगायचा हक्क मात्र त्यातून येत नव्हता.

लसीचं पारडंही मी फुगवून सांगितलं नाही. फरिदाबादच्या अभ्यासात, डेल्टाच्या ऐन भरात, कोविशील्डच्या दोन डोसनी संसर्गापासून ६३ टक्के आणि मध्यम ते गंभीर आजारापासून ८१ टक्के संरक्षण दिल्याचं निघालं होतं. म्हणजे लस घेतलेला माणूसही आजारी पडतो आणि दुसऱ्याला देतोही. रक्ताच्या गुठळ्यांचा दुर्मीळ दुष्परिणामही खरा होता. सरकारच्याच समितीने मे २०२१ मध्ये तो आपल्याकडे दहा लाख डोसमागे ०.६१ असल्याचं सांगितलं होतं. हे सांगितलं तर लोक घाबरतील, असं सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले. माझा अनुभव उलटा आहे. लपवलेलं नंतर फॉरवर्डमधून कळलं की लोक जास्त घाबरतात.

ताईंचे ८४ दिवस

एवढी चर्चा चालू असताना नियमाचा मार कुणाला बसत होता? वर्कशॉपवाल्यांना जिम बंद झाली होती, आणि ते जिमला कधी जात नव्हते. मार बसला तो लोकमान्यनगरहून चालत येऊन पाच घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंना.

ताईंचा पहिला डोस २१ सप्टेंबरला झाला होता, कोविशील्डचा. दुसरा तातडीने घ्यायची त्यांची तयारी होती. पण दोन डोसमधलं अंतर १३ मे पासून १२ ते १६ आठवडे केलेलं, आणि ८४ दिवस भरल्याशिवाय कोविन पुढे जाऊच देत नव्हतं. ८४ वा दिवस १४ डिसेंबरला होता. शिक्षण-नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना आणि ऑलिंपिकच्या चमूला २८ दिवसांनंतर घेण्याची सवलत जूनमध्येच मिळाली होती. सोसायटीतल्या दोन मुलांनी ती घेतलीही होती. लोकमान्यनगरहून वर्तकनगरला कामाला येणाऱ्यांसाठी तशी सोय नव्हती. १ डिसेंबरला सकाळी सातला वॉचमनने त्यांना अडवलं. तो त्यांच्याच गल्लीतला. ‘ताई, माझं नाव रजिस्टरला लागतं,’ एवढंच म्हणाला.

त्या दवाखान्यात आल्या त्या दुपारी, मोबाइलवरचं सर्टिफिकेट मला दाखवायला. काच तडकलेली, क्यूआर कोड मधोमध फुटलेला. ‘मॅडम, यात काही चुकलंय का? एकच डोस झालाय असं लिहिलंय ते खरंच आहे. पण दुसरा देतच नाहीत, तर मी काय करू?’

मी त्यांना एप्रिलचं विचारलं. एप्रिलमध्ये त्यांच्या चाळीतली बहुतेक घरं तापाने फणफणलेली होती. ताईंना पाच दिवस ताप, वास गेलेला, नवऱ्याला त्याहून जास्त. चाचणी कुणी केली नाही. पॉझिटिव्ह आलो तर उचलून नेतील आणि काम जाईल ही भीती, शिवाय रांगेत उभं राहायची ताकद नव्हती. म्हणजे आजाराचा कागद नाही. मुंबईत जुलै २०२० च्या पाहणीतच झोपडपट्ट्यांमध्ये ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या होत्या, इमारतींमध्ये १६ टक्के. आयसीएमआरच्या जून-जुलै २०२१ च्या देशव्यापी पाहणीत हा आकडा ६७.६ टक्क्यांवर होता.

आता हिशेब करा. एप्रिलमधला आजार आणि त्यावर एक डोस, म्हणजे इस्रायलच्या अभ्यासात सगळ्यात भक्कम ठरलेला प्रकार. फाटकातून बिनदिक्कत आत जाणारे सत्तरीपुढचे आजोबा मार्च-एप्रिलमध्ये पहिला डोस घेतलेले, दुसऱ्यालाही सहा-सात महिने झालेले. तेवढ्या काळात संसर्गापासूनचं संरक्षण बरंच ओसरतं. नियम करणाऱ्यांनी शोधायला घेतलं होतं संरक्षण आणि तपासत होते सर्टिफिकेट.

ताईंच्या एप्रिलचा पुरावा रक्तातून काढता आला असता का? एका बाजूने हो. कोविशील्ड फक्त विषाणूच्या स्पाइक प्रथिनाची ओळख करून देते. न्यूक्लिओकॅप्सिड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या तर त्या खऱ्या संसर्गातूनच आलेल्या असतात. (कोवॅक्सिनचं तसं नाही, त्यात मारलेला अख्खा विषाणू असतो.) पण त्या तपासणीचे पैसे म्हणजे जवळजवळ एका घरच्या भांड्यांचा महिना. आणि तो रिपोर्ट घेऊन त्या फाटकावर आल्या असत्या तरी वॉचमनच्या रजिस्टरला त्यासाठी रकानाच नव्हता.

आजी

वर्कशॉपवाल्यांच्या घरी त्यांची आई असते, वय ७८. एप्रिलमध्ये त्या चिपळूणला मुलीकडे होत्या आणि कोविडपासून वाचल्या. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी माझ्याकडे येतात. त्यांचाही एकही डोस झालेला नव्हता. कारण विचारलं तर मुलाने परस्पर उत्तर दिलं, ‘आमच्या घरात आम्ही नैसर्गिक प्रतिकारशक्तीवर विश्वास ठेवतो.’

मी त्यांना विचारलं की आजींना कोविड कधी झाला. ते गप्प बसले.

त्यांच्या सगळ्या युक्तिवादाला खरं भगदाड होतं ते इथे. स्वतःपुरता त्यांचा मुद्दा निम्म्याहून अधिक बरोबर होता. तोच त्यांनी घरावर पसरवला आणि ज्या बाईला ना आजार झाला होता ना लस मिळाली होती, ती ओमायक्रॉन दारात आला असताना कोरी राहिली. वैयक्तिक निवडीचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसाने आईची निवड स्वतःच करून टाकली होती. मी मुलाला बाहेर बसवलं आणि आजींना विचारलं.

‘मला कुणी विचारलंच नाही गं,’ त्या म्हणाल्या. ‘खालच्या मजल्यावरच्या सगळ्या घेऊन आल्या. मी म्हटलं, याचा राग नको. दुखतं का फार?’

तेव्हा ‘हर घर दस्तक’ मोहीम चालू होती. २० डिसेंबरच्या सुमारास महापालिकेच्या नर्सताई आणि आशाताई निळा व्हॅक्सिन कॅरियर घेऊन घरी आल्या. आजींनी लुगड्याचा पदर सावरून दंड पुढे केला, मग अर्धा तास आशाताईंना चिपळूणच्या पुराच्या गोष्टी ऐकवल्या. मुलगा वर्कशॉपला गेला होता. त्याने विरोध केला नाही आणि सोबतही केली नाही.

रविवारची बैठक

१२ डिसेंबरला क्लबहाऊसमध्ये बैठक झाली. खिडक्या बंद, एसी चालू, तीस-चाळीस माणसं, निम्म्यांचे मास्क हनुवटीवर. पहिली सूचना मी खिडक्या उघडायची केली. ती एकमताने मंजूर झालेली त्या दिवसातली एकमेव सूचना.

मी जे मांडलं त्याचा गाभा साधा होता. लस घेतल्याने घेणाऱ्याचा फायदा मोठा आहे, दुसऱ्याला लागण होण्यापासूनचं संरक्षण तुलनेने थोडं आणि तात्पुरतं. त्यामुळे ‘तुम्ही घ्या, तुमच्यासाठी’ असा आग्रह जितका हवा तितका धरा. ‘तुम्ही घेतली नाही तर आम्ही तुमचं काम बंद करू’ या धाकाला मात्र तितका आधार नाही. एक डोस झालेल्यांना मास्क लावून येऊ द्या, ताप आला तर भरपगारी सुट्टी द्या. सगळी ताकद लावायची तर सोसायटीत साठीच्या पुढचं कुणी बिनडोसाचं उरलंय का, ते शोधायला लावा.

भरपगारी सुट्टी म्हणताच खोलीत चुळबुळ झाली. ‘मॅडम, हा विषय अजेंड्यावर नाही,’ असं खजिनदार म्हणाले. वर्कशॉपवाले उठून माझ्या बाजूने बोलले, पण बोलले ते स्वतःच्या घटनात्मक हक्कांबद्दल. ताईंचं नाव त्यांच्याही तोंडून आलं नाही, आणि त्या त्यांच्याच घरी कामाला होत्या. सेक्रेटरींचा मुद्दाही खोटा नव्हता. त्यांचे वडील डायलिसिसवर होते आणि अशा रुग्णांमध्ये लसीचा परिणाम कमी दिसतो. ‘निवड तुमची, आणि धोका माझ्या वडिलांना?’ हा त्यांचा प्रश्न बैठकीतला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न होता. माझं उत्तर असं की त्या धोक्यावर उपाय वडिलांच्या खोलीत होता: तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने मास्क लावणं, खिडकी उघडी ठेवणं, ताप असेल त्याने न जाणं. फाटकावरचा कागद तिथपर्यंत पोचत नव्हता. त्यांना ते अर्धंच पटलं.

निघालं ते एवढंच: १४ दिवसांची अट सोडून, दुसरा डोस झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आत घ्यायचं. ताई १५ तारखेला कामावर आल्या.

जानेवारी

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनने दोन डोसवाले आणि बिनडोसवाले असा भेद फारसा केला नाही. सेक्रेटरींना झाला, दोन डोस असून. वर्कशॉपवाल्यांना दुसऱ्यांदा झाला, ‘२५० पेक्षा जास्त’ असून. दोघेही चार-पाच दिवसांत बरे. आजींना दोन दिवस ताप आणि खोकला, ऑक्सिजन ९५ च्या खाली गेला नाही. तो एका डोसामुळे की ओमायक्रॉनच सौम्य होता म्हणून, हे एका माणसावरून सांगता येत नाही आणि मी सांगत नाही. सेक्रेटरींच्या वडिलांना झाला नाही.

पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १९ देशांतल्या ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. आधीच्या आजारामुळे मिळालेलं गंभीर आजारापासूनचं संरक्षण दहा महिन्यांनंतरही ८८ टक्क्यांच्या आसपास टिकतं, पण ओमायक्रॉनच्या पुन्हा होणाऱ्या संसर्गापासूनचं ३६ टक्क्यांवर येतं, असं त्यात दिसलं. तिसऱ्या मजल्याला मी तो छापून दिला. फाइलमध्ये गेला.

नंतर

२ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने, लससक्तीला आव्हान देणाऱ्या जेकब पुलियेल प्रकरणात, निकाल दिला: कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, शरीरावरचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो. लस न घेतलेल्यांमुळे लस घेतलेल्यांपेक्षा जास्त प्रसार होतो असं दाखवणारी माहिती सरकारांनी समोर ठेवलेली नाही, म्हणून त्यांच्यावरचे निर्बंध प्रमाणशीर म्हणता येत नाहीत. त्याच निकालात लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही असंही होतं. वर्कशॉपवाल्यांनी पहिला भाग गटावर टाकला, सेक्रेटरींनी दुसरा. फाटकावरचा कागद त्याआधीच, गुढीपाडव्याला राज्यातले निर्बंध उठले तेव्हा, कुणीतरी काढून टाकला होता. नियम मागे घेतल्याची नोंद इतिवृत्तात नाही.

एप्रिल २०२४ च्या शेवटी, कोविशील्डची मूळ कंपनी असलेल्या अ‍ॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात गुठळ्यांचा दुर्मीळ दुष्परिणाम मान्य केल्याची बातमी आली आणि वर्कशॉपवाल्यांचा मला सकाळी साडेसहाला मेसेज आला: ‘मी म्हणत होतो ना?’ मी त्यांना लिहिलं की हे युरोपच्या औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केलं होतं आणि क्लबहाऊसमध्ये मीही सांगितलं होतं. त्यांनी अंगठा पाठवला. लस त्यांनी आजतागायत घेतलेली नाही, आणि दोनदा होऊन गेलेल्या त्यांच्यासारख्याला मी आता आग्रहही करत नाही. आजींचा दुसरा डोस वेळेवर झाला.

ताईंचे डिसेंबरचे चौदा दिवस गेले. पाचपैकी तीन घरांनी पूर्ण पगार दिला, सेक्रेटरींचं घर त्यात होतं. दोघांनी खाडे धरून कापला. त्यातलं एक घर तिसऱ्या मजल्यावरचं. आजींनी पुढच्या महिन्यात मुलाला न सांगता स्वतःच्या पेन्शनमधून ते पैसे ताईंच्या हातात ठेवले. दुसऱ्या घरचं काम ताईंनी मार्चमध्ये सोडलं आणि त्याच मजल्यावरचं समोरचं घर धरलं, दोनशे रुपये जास्त घेऊन.